दुसरा टेक

१९५५ सालची गोष्ट. अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात, जॅक्सन शहरात, डब्ल्यूएलबीटी नावाचं टीव्ही केंद्र होतं. एनबीसी या वाहिनीच्या एका कार्यक्रमात थरगूड मार्शल बोलणार होते. शाळांमधला वर्णभेद बेकायदा ठरवणारा निकाल सुप्रीम कोर्टातून मिळवून या कृष्णवर्णीय वकिलाला जेमतेम वर्ष झालं होतं. मार्शल पडद्यावर आले आणि जॅक्सनमधल्या घराघरांत पाटी दिसू लागली : केबलमध्ये बिघाड आहे, क्षमस्व. केबल धडधाकट होती. केंद्राचे व्यवस्थापक फ्रेड बिअर्ड हे वर्णभेद टिकवण्यासाठी निघालेल्या सिटिझन्स कौन्सिलचे माणूस. ही करामत आपलीच, असं त्यांनी नंतर सभेत अभिमानानं सांगितलं.

माझी उमेदीची वर्षं पाट्या लावण्यात गेली, म्हणून ही गोष्ट माझ्या डोक्यात बसली आहे. मी टीव्ही केंद्रात व्हिजन मिक्सर होतो. ‘व्यत्यय’ची पाटी म्हणजे एक पुठ्ठा. तो स्टँडवर उभा, समोर एक कॅमेरा कायम रोखलेला. लिंक गेली, टेप अडकली, की बटण दाबायचं. घरी बसलेले लोक त्या पाटीवर वैतागत, तिच्यावर विनोद करत. पण ती खोटी असेल ही शंका कुणाला शिवत नसे. त्या विश्वासाचा असा वापर करता येतो, हे मला जॅक्सनची हकीकत वाचेपर्यंत सुचलं नव्हतं.

अमेरिकन टीव्हीवरच्या सुरुवातीच्या कृष्णवर्णीय नटनट्यांबद्दल मिळेल ते मी निवृत्तीनंतर वाचत, पाहत आलो. न्यूयॉर्कला बावन्नाव्या रस्त्यावर पेली सेंटर आहे, तिथे जुने कार्यक्रम मागवून बघायला मिळाले. अशा लेखांत ‘पहिली अभिनेत्री’, ‘पहिला नायक’ अशी बिरुदं ओळीनं येतात आणि मला जांभई येते. मी अजूनही पॅनलवरच्या खुर्चीतूनच पाहतो. आमच्या धंद्यात एक शब्द आहे, ‘सेफ्टी’. चांगला टेक झाला तरी निर्माता म्हणतो, एक सेफ्टी घेऊन ठेवू या. या माणसांच्या बाबतीत सेफ्टी म्हणजे त्यांना वगळून, झाकून किंवा हातभर लांब उभं करून घेतलेला दुसरा टेक. त्यांचा इतिहास मला त्या दुसऱ्या टेकशी झालेल्या मारामारीचा वाटतो.

पहिली सेफ्टी रेडिओवर तयार झाली. ‘अ‍ॅमॉस अँड अँडी’ ही श्रुतिका १९२८ साली शिकागोहून सुरू झाली. त्यातली दोन्ही मुख्य पात्रं कृष्णवर्णीय आणि त्यांना आवाज देणारे फ्रीमन गॉस्डेन आणि चार्ल्स कॉरेल दोघेही गोरे. रेडिओवर चेहरा दिसत नाही, त्यामुळे कुणाचं काही अडलं नाही. ‘ब्यूला’ ही मोलकरीण तर मार्लिन हर्ट नावाचा गोरा पुरुष रंगवायचा. स्टुडिओत श्रोत्यांकडे पाठ करून तो उभा राहायचा. ब्यूलाचं वाक्य आलं की गर्रकन वळायचा. त्या बाईच्या आवाजामागचा गोरा बाप्या पाहून जो हशा उसळायचा तो थेट हवेत जायचा. हर्ट १९४६ साली वारला, तर त्याच्या जागी दुसरा गोरा पुरुष आणला. १९४७ साली हॅटी मॅकडॅनिएलला ती भूमिका मिळाली, म्हणजे कृष्णवर्णीय बाईची भूमिका कृष्णवर्णीय बाईला मिळायला दोन पुरुष खर्ची पडले.

मॅकडॅनिएलला ‘गॉन विथ द विंड’मधल्या मॅमीच्या भूमिकेसाठी ऑस्कर मिळालेलं होतं. त्या समारंभात, १९४० साली, तिला बाकीच्या मंडळींपासून वेगळ्या टेबलावर बसवलं होतं. आयुष्यभर मोलकरणी रंगवल्या म्हणून तिच्याच समाजातल्या सुशिक्षितांनी तिला धारेवर धरलं. तिनं रेडिओच्या करारात मात्र दोन गोष्टी घालून घेतल्या : मोडकीतोडकी बोली बोलणार नाही आणि न पटलेला मजकूर बदलण्याचा हक्क माझा. मोलकरणीची भूमिका आणि संहितेवर हक्क, हे एकत्र बघितलं की तिच्यावर टीका करणाऱ्यांनी करार वाचला नसावा असं वाटतं. ‘ब्यूला’ १९५० साली एबीसीच्या पडद्यावर आली तेव्हा आधी एथेल वॉटर्सनं काम केलं. मग मॅकडॅनिएल आली, पण मोजके भाग होतात तोच आजारी पडली आणि १९५२च्या ऑक्टोबरात कर्करोगानं गेली. लुईस बीव्हर्सनं मालिका पुढे ओढली. हॉलिवूडच्या दफनभूमीत पुरावं ही मॅकडॅनिएलची इच्छा होती. तिथे गोऱ्यांनाच जागा होती.

‘अ‍ॅमॉस अँड अँडी’ टीव्हीवर आणायची ठरली तेव्हा गॉस्डेन आणि कॉरेल यांची पंचाईत झाली. तोंडाला काळं फासून त्यांनी १९३० साली एक सिनेमा केला होता. टीव्हीवर आता ते चालणार नव्हतं. मग कृष्णवर्णीय नटांचा शोध सुरू झाला आणि तो काही वर्षं चालला. नट तर हवेत, पण आवाज, लकबी रेडिओवरच्या गोऱ्यांसारख्या हव्यात. अँडीच्या भूमिकेसाठी स्पेन्सर विल्यम्स निवडला गेला. हा माणूस लुइझियानात १८९३ साली जन्मलेला, पहिल्या महायुद्धात सैन्यात होता, आणि मुख्य म्हणजे स्वतः दिग्दर्शक होता. १९४१ साली त्यानं ‘द ब्लड ऑफ जीझस’ हा सिनेमा लिहिला, दिग्दर्शित केला, त्यात कामही केलं. तो आज अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत आहे. अशा माणसाला गॉस्डेन सेटवर येऊन शिकवू लागले की नीग्रो असं बोलतो, तसं बोलत नाही. विल्यम्सनं ऐकवलं, मी जन्मभर नीग्रो आहे, आम्ही कसे बोलतो हे मला माहीत असावं. दोघांचं फाटलं.

मालिका २८ जून १९५१ रोजी सीबीएसवर सुरू झाली आणि कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपीनं तिच्याविरुद्ध लगेच मोहीम उघडली. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. सगळ्या देशाला कृष्णवर्णीय म्हणून दिसणार काय, तर टिम मूरनं रंगवलेला किंगफिश, लबाड आणि कामचुकार. पण पेली सेंटरमध्ये दोनतीन भाग पाहिले तेव्हा माझं लक्ष मागे फिरणाऱ्या माणसांकडे जात होतं. न्यायाधीश कृष्णवर्णीय, डॉक्टर कृष्णवर्णीय, बँकेतला साहेबही. त्या काळात दुसऱ्या कुठल्याही मालिकेत हे दिसत नव्हतं. आणि मूरचं टायमिंग! व्होडव्हिलच्या रंगमंचावर घडलेला नट, वाक्य संपल्यावर अर्धा क्षण थांबून भुवई उचलतो. तिथे कट घेणाऱ्यानं हात आखडता घेतला आहे हे मला कळत होतं. एनएएसीपी बरोबर होती आणि मूरही उत्तम होता. हे दोन्ही खरं मानून मी गप्प बसतो. १९५३ साली नवे भाग थांबले, जुने मात्र १९६६पर्यंत ठिकठिकाणी दाखवत राहिले. त्या पुनर्प्रसारणातून नटांच्या हाती फारसं काही लागलं नाही.

हेझल स्कॉटचा कार्यक्रम मला बघायचा होता. तो बघता येत नाही, कारण उरलेलाच नाही. त्रिनिदादमध्ये जन्मलेली, न्यूयॉर्कमध्ये वाढलेली ही पियानिस्ट. बाखचं संगीत वाजवता वाजवता जॅझमध्ये शिरायची. सिनेमात मोलकरीण होणार नाही, हे तिनं सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं. एका सिनेमाच्या सेटवर कृष्णवर्णीय बायकांना मळके अ‍ॅप्रन घालायला दिले, सैनिक नवऱ्यांना निरोप देण्याच्या प्रसंगात. तिनं तीन दिवस काम बंद पाडलं आणि कपडे बदलून घेतले. १९५० सालच्या जुलैत ड्यूमाँट वाहिनीवर ‘द हेझल स्कॉट शो’ सुरू झाला. स्वतःच्या नावाचा नेटवर्क कार्यक्रम चालवणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. त्याच वर्षी कम्युनिस्टांचे हितचिंतक म्हणून काही कलाकारांची नावं छापणारी ‘रेड चॅनेल्स’ ही पुस्तिका निघाली होती. त्यात तिचं नाव. ती आपणहून अमेरिकन काँग्रेसच्या चौकशी समितीपुढे गेली, २२ सप्टेंबरला साक्ष दिली, आणि आठवडाभरात कार्यक्रम बंद. तेव्हाचे थेट कार्यक्रम जपायचे म्हणजे मॉनिटरसमोर फिल्म कॅमेरा लावून किनेस्कोप काढायचे. ड्यूमाँटचे बहुतेक किनेस्कोप नष्ट झाले. ते न्यूयॉर्कच्या उपसागरात बुडवले गेल्याची साक्ष एडी अ‍ॅडम्स या अभिनेत्रीनं १९९६ साली दिली आहे.

नॅट किंग कोलच्या वेळी पाटीही लागली नाही आणि कुणी साक्षीला बोलावलं नाही. त्याला जाहिरातदारच मिळाला नाही. ५ नोव्हेंबर १९५६ रोजी एनबीसीवर त्याचा पंधरा मिनिटांचा कार्यक्रम सुरू झाला, पुढच्या उन्हाळ्यात तो अर्ध्या तासाचा झाला. १९५६च्याच एप्रिलमध्ये अलाबामात बर्मिंगहॅमला गात असताना गोऱ्या टोळक्यानं त्याच्यावर मंचावर हल्ला केला होता, हे लक्षात ठेवून त्याचं पडद्यावरचं हसणं पाहावं. हॅरी बेलाफोंटे, एला फिट्झजेराल्ड, पेगी ली अशी माणसं किमान मानधनावर येऊन गेली. एनबीसीनं खर्च सोसला. पण देशभरासाठी एकही प्रायोजक पुढे येईना. दक्षिणेतलं गोरं गिऱ्हाईक तुटेल ही भीती. प्रसाधनं विकणाऱ्या एका कंपनीच्या माणसाचं मत असं की कृष्णवर्णीय माणूस लिपस्टिक विकू शकणार नाही. आता कोलनं लिपस्टिक लावायची नव्हती, गायचं होतं. अखेर वाहिनीनं शनिवारची पडीक वेळ देऊ केली तेव्हा त्यानं नकार दिला. १७ डिसेंबर १९५७ रोजी शेवटचा कार्यक्रम झाला.

माझ्या धंद्यातल्या माणसाला सगळ्यात आनंद देणाऱ्या दोन गोष्टी १९६८ सालच्या आहेत. ब्रिटिश गायिका पेटुला क्लार्कचा एनबीसीवर एक खास कार्यक्रम होता, पाहुणा बेलाफोंटे. युद्धविरोधी गाणं दोघं मिळून गात असताना क्लार्कनं त्याच्या दंडावर हात ठेवला. प्रायोजक प्लिमथ ही मोटार कंपनी. तिचा जाहिरात व्यवस्थापक हादरला : गोऱ्या बाईचा हात काळ्या पुरुषाच्या दंडावर. दोघं अंतरावर उभे आहेत असा टेक वापरा, असा आग्रह. क्लार्क आणि तिचा नवरा, जो निर्माताही होता, यांनी काय करावं? बाकीचे सगळे टेक नष्ट करून टाकले. हातात एकच राहिला, तोच द्यायचा. कार्यक्रम त्याच एप्रिलमध्ये दाखवला गेला.

दुसरी गोष्ट ‘स्टार ट्रेक’ची. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात ही मालिका दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागायची, तेव्हा कानात यंत्र घातलेली लाल पोशाखातली उहुरा पाहिलेले वाचक असतील. ती निशेल निकोल्स. जहाजावरची संदेशवहन अधिकारी. पहिल्या हंगामानंतर ती सोडून जायला निघाली होती, कारण तिची वाक्यं कापली जायची आणि तिच्या वाट्याला ‘संदेश आला आहे, कॅप्टन’ एवढंच उरायचं. एनएएसीपीच्या एका समारंभात तिला मार्टिन ल्यूथर किंग भेटले. हीच एक मालिका आम्ही मुलांना जागून बघू देतो, ते म्हणाले, आणि सोडू नका असं बजावलं. ती राहिली. २२ नोव्हेंबर १९६८ रोजी दाखवलेल्या भागात परग्रहावरचे लोक मनाच्या शक्तीनं उहुरा आणि कॅप्टन कर्क यांना एकमेकांचं चुंबन घ्यायला लावतात. वाहिनीच्या लोकांना घाम फुटला. चुंबनाशिवाय एक टेक घ्या, म्हणजे दक्षिणेत तो दाखवता येईल. निकोल्सनं १९९४च्या आत्मचरित्रात लिहिलं आहे की तो टेक घेताना कर्क झालेल्या विल्यम शॅटनरनं कॅमेऱ्याकडे बघून डोळे तिरळे केले. सेटवर गडबडीत कुणाच्या ध्यानात आलं नाही. दुसऱ्या दिवशी रश, म्हणजे आदल्या दिवशीचं चित्रण, पाहताना समजलं की सेफ्टी निकामी आहे.

डोळे तिरळे करणं हे काही क्रांतीच्या इतिहासात लिहिण्यासारखं नाही. पण पॅनलवर बसलेला माणूस सांगेल, टेक बिघडवणं ही नटाच्या हातातली एकमेव खरी सत्ता आहे.

एक गंमत. त्याच सुमारास तीन मालिकांत तीन कृष्णवर्णीय पात्रं दिसतात आणि तिघांच्याही हाती तारा नि यंत्रं : उहुरा; ‘मिशन : इम्पॉसिबल’मधला इलेक्ट्रॉनिक्सचा जाणकार बार्नी, म्हणजे ग्रेग मॉरिस; आणि ‘होगन्स हीरोज’मधला रेडिओ सांभाळणारा किंचलो, म्हणजे आयव्हन डिक्सन. मला यात लेखकांची सोय दिसते. यंत्रावरचा माणूस हुशार असतो, त्याला कुणी नोकर म्हणू शकत नाही. तो दर आठवड्याला दिसतो, पण त्याला घर, बायको, दुखणं, प्रेम काही द्यावं लागत नाही.

ज्यांनी ते दिलं त्यांना केंद्रांनी हिसका दाखवला. सीबीएसवर १९६३ साली ‘ईस्ट साइड/वेस्ट साइड’ सुरू झाली. तिच्यात सिसिली टायसन समाजसेवा कार्यालयातली सेक्रेटरी होती आणि तिचे केस सरळ न करता, आखूड, जसे उगवतात तसे. त्या केसांवरून देशभर न्हाव्याच्या खुर्चीत चर्चा झाली. मालिकेच्या एका भागात हार्लेममधल्या जोडप्याच्या तान्ह्या बाळाला उंदीर चावतो आणि ते दगावतं. आईबाप डायना सँड्स आणि जेम्स अर्ल जोन्स. दक्षिणेतल्या काही केंद्रांनी तो भाग दाखवला नाही. सव्वीस भागांनंतर मालिकाच बंद झाली. १९६५ साली ‘आय स्पाय’मध्ये बिल कॉस्बी गोऱ्या नटाच्या बरोबरीचा नायक झाला, तेव्हाही काही केंद्रांनी पाठ फिरवली. पुढे अनेक स्त्रियांनी त्याच्यावर लैंगिक अत्याचाराचे आरोप केले. २०१८ साली शिक्षा झाली, २०२१ साली ती रद्द झाली. त्याचे ते भाग मला आता मोकळेपणानं बघवत नाहीत. डायअ‍ॅन कॅरोलची ‘ज्युलिया’ आली १९६८ साली : नर्स, नवरा व्हिएतनाममध्ये मारला गेलेला, एक मुलगा, नीटनेटकं घर. लोकप्रिय झाली आणि शिव्याही खाल्ल्या, की शहरं पेटलेली असताना ही बाई कुठल्या अमेरिकेत राहते? आणि घरात बाप का नाही?

केंद्रांचा हिशेब जॅक्सनमध्येच चुकता झाला. युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्टचे एव्हरेट पार्कर यांनी १९६४ साली तिथे गुपचूप काही स्वयंसेवक बसवले. त्यांनी आठवडाभर टीव्ही बघायचा आणि काय दाखवतात, काय नाही, ते टिपून ठेवायचं. प्रक्षेपणाच्या परवान्याबद्दल प्रेक्षकाला दाद मागता येते हे १९६६ साली न्यायालयानं मान्य केलं. १९६९ साली डब्ल्यूएलबीटीचा परवाना गेला. १९७२ साली त्या केंद्राच्या व्यवस्थापकपदी विल्यम डिल्डे हे कृष्णवर्णीय गृहस्थ आले. कृष्णवर्णीय नटांच्या यादीत पार्कर कुठेच नसतात, पण माझ्या यादीत आहेत.

‘ज्युलिया’त नसलेला बाप एस्थर रोलनं मागून घेतला. ‘मॉड’ या मालिकेत ती घरकाम करणारी फ्लोरिडा होती. तिला घेऊन ‘गुड टाइम्स’ ही स्वतंत्र मालिका काढायची ठरली, तेव्हा तिनं अट घातली की फ्लोरिडाला नवरा हवा आणि मुलांना बाप. १९७४ साली मालिका आली. शिकागोच्या सरकारी चाळींतलं गरीब, पण सबंध कुटुंब. बाप जेम्स झाला जॉन अ‍ॅमॉस. काम जाणारा, पुन्हा शोधणारा, मुलांवर ओरडणारा, अपमान गिळून घरी येणारा. पण प्रेक्षक हसत होते मोठ्या मुलाच्या, जेजेच्या, माकडचेष्टांना, आणि लेखक त्याच्याच ओळी वाढवत गेले. अ‍ॅमॉस त्यांच्याशी भांडला. कृष्णवर्णीय घरात असं बोलत नाहीत, धाकट्या दोघांना शिकायचं आहे त्याचं काय? तिसऱ्या हंगामानंतर त्याला कळवण्यात आलं की जेम्सला मारायचं ठरलं आहे. सप्टेंबर १९७६मध्ये जेम्स मिसिसिपीत मोटार अपघातात मेल्याचं दाखवलं. रोलनं मागून घेतलेला बाप असा गेला, आणि पुढच्या वर्षी तीही बाहेर पडली. जेजेचं वागणं सुधारण्याच्या बोलीवर १९७८ साली परतली.

मोटार अपघाताला चार महिने होतात न होतात तोच अ‍ॅमॉस परत दिसला. २३ ते ३० जानेवारी १९७७, ओळीनं आठ रात्री, एबीसीनं गुलामगिरीवरची ‘रूट्स’ ही मालिका दाखवली. असं सलग दाखवण्यामागे धाडसापेक्षा धास्तीच असावी : पडली तर आठवड्यात मोकळे. एकोणीस वर्षांचा विद्यार्थी लेव्हार बर्टन तरुण कुंटा किंटे, सिसिली टायसन त्याची आई. गोरे प्रेक्षक बिचकू नयेत म्हणून त्यांच्या आवडीचे टीव्ही नट गुलामांच्या मालकांच्या आणि जहाजाच्या कप्तानाच्या भूमिकांत पेरले होते. त्यांतला लॉर्न ग्रीन ‘बोनान्झा’चा लाडका बाप. याच ग्रीननं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९६४ साली जॅक्सनमधला एक कार्यक्रम रद्द केला होता, प्रेक्षकांत वर्णभेद पाळतात म्हणून. प्रौढ कुंटा झाला जॉन अ‍ॅमॉस. शेवटच्या रात्री सुमारे दहा कोटी माणसं टीव्हीसमोर होती. लेखकांशी भांडून नोकरी घालवलेल्या नटाला त्या आठवड्यात केवढा प्रेक्षक मिळाला!

आयव्हन डिक्सनचं सांगायचं राहिलं. १९६४ साली ‘नथिंग बट अ मॅन’ या सिनेमात त्यानं अलाबामातल्या रेल्वे कामगाराचं जे काम केलं, ते पाहिलं की ‘होगन्स हीरोज’च्या भुयारात हेडफोन घालून बसलेला किंचलो ही त्याच्या गुणांची उधळपट्टी वाटते. पाच हंगामांनंतर, १९७० साली, त्यानं मालिका सोडली. मुख्य नटांपैकी मधेच सोडणारा तो एकटा. मग तो कॅमेऱ्यामागे गेला. ‘द वॉल्टन्स’, ‘द रॉकफर्ड फाइल्स’ अशा मालिकांचे भाग दिग्दर्शित केले. १९७३ साली ‘द स्पूक हू सॅट बाय द डोअर’ हा सिनेमा केला. सीआयएनं दाखवण्यापुरता नेमलेला एक कृष्णवर्णीय माणूस तिथली विद्या शिकून बाहेर पडतो आणि बंड उभारतो. थिएटरांतून तो भराभर उतरवला गेला आणि त्याची निगेटिव्ह दुसऱ्याच नावानं जपून ठेवावी लागली. २०१२ साली तोही राष्ट्रीय नोंदवहीत आला, स्पेन्सर विल्यम्सच्या सिनेमाच्या पंगतीला. नटगिरी आणि दिग्दर्शन आटोपल्यावर डिक्सन हवाईला, माउई बेटावर राहायला गेला आणि तिथे त्यानं एक एफएम रेडिओ केंद्र चालवलं. केओएनआय त्याचं नाव. मालक तोच.